राष्ट्रीय स्लेट संग्रहालय, वेल्स
पाटीच्या दगडाच्या (स्लेटच्या) खाणकामाचे अवशेष व कौशल्य जतन करणारे ग्रेट ब्रिटनमधील एक औद्योगिक संग्रहालय. वायव्य वेल्समध्ये लानबेरिस गावाजवळ, डिनॉर्विक खाणीच्या पायथ्याशी १८७० मध्ये बांधलेल्या कर्मशाळांत ते वसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या खाणीत सु. ३,००० कामगार होते. पेनरिनखालोखाल ती जगातील सर्वांत मोठी स्लेट-खाण गणली जाई. ऑगस्ट १९६९ मध्ये ती बंद पडली. कर्मशाळांतील यंत्रसामग्री मोडीत जाण्याच्या बेतात असताना ती वाचविण्यात यश आले आणि मे १९७२ मध्ये उत्तर वेल्स खाणकाम संग्रहालय या नावाने ही वास्तू लोकांस खुली झाली.

येथील बहुतेक वस्तू मूळ जागीच आहेत, हे या संग्रहालयाचे वैशिष्ट्य होय. लोहारशाळा, ओतशाला व ओतकामाचे लाकडी फर्मे यांवरून खाण आपल्या गरजेचे बहुतेक सर्व भाग स्वतःच घडवीत असे, हे ध्यानात येते. यंत्रांना शक्ती पुरविणारे १५·४ मी. व्यासाचे जलचक्र १९२५ पर्यंत वापरात होते. नंतर त्याचे काम पेल्टन चक्राकडे गेले. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरील चालू स्थितीतील हे सर्वांत मोठे जलचक्र मानतात (आइल ऑफ मॅन बेटावरील लॅक्सी चक्र याहून मोठे आहे).

परंतु प्रेक्षक रेंगाळतो तो दगड फोडण्याच्या प्रात्यक्षिकापाशी. शाळकरी पाटीमुळे हा खडक आपल्याकडे परिचित आहे. मृण्मय गाळाच्या खडकावर प्रचंड दाब पडून त्यातील खनिजकण एका दिशेने रचले जातात व त्याला पाटन प्राप्त होते. कारागीर रुंद, पातळ छिन्नी कडेवर टेकवून लाकडी मोगरीने हलके ठोके देतो आणि ठोकळ्याचे छपरासाठी लागणारे पातळ पत्रे सुटे होतात. आकारमानानुसार त्यांना डचेस, काउंटेस, लेडी अशी उमराव स्त्रियांची नावे आहेत. एक टन तयार मालामागे सु. दहा टन दगड वाया जाई. त्याचेच ढीग आजही डोंगरउतारावर दिसतात.

या प्रात्यक्षिकात धूळ मात्र फारशी नसते. करवतींच्या शेडमध्ये ती दाट असे व सिलिकोसिसने अनेकांची फुप्फुसे निकामी झाली. तरीही ही धूळ निरुपद्रवी असल्याचे मत खाणींच्या वैद्यांनी मांडले होते. नुकसानभरपाईचा कायदा १९७९ मध्ये झाला. जबाबदार धरावे असे मालक तोवर बहुधा उरलेच नव्हते, म्हणून हा भार शासनाने उचलला. खाणीचे जुने रुग्णालय नजीकच आहे. ते पाहिल्याविना ही भेट अपुरीच राहते.

संग्रहालयाच्या आवारात ब्लायनाउ फेस्टिनिओगजवळून दगड न् दगड हलवून पुन्हा उभारलेली कामगारांची घरे आहेत. त्यांतील तीन अनुक्रमे १८६१, १९०१ व १९६९ या वर्षांप्रमाणे सजविलेली आहेत. मधले घर पेनरिनच्या दीर्घ संपाच्या (१९००–०३) काळातले असून, घरात कोणी फितूर नाही असे सांगणारा फलक त्याच्या खिडकीत लावलेला आहे. वायव्य वेल्समधील स्लेट-प्रदेशाचा २०२१ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा-यादीत समावेश झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये संग्रहालय व्यापक नूतनीकरणासाठी बंद करण्यात आले.