जमाखर्चाची वही आणि सरकारी संशोधन

आमच्या एकत्र कुटुंबांत जमाखर्चाची वही देवघराशेजारच्या कोनाड्यांत असे, व ती कोणासही पाहतां येई. एके वर्षीं वडिलांनीं कापसाचें नवें बियाणें थोड्या रानांत लावून पाहिलें, तें फसलें. वहींत खर्च पडला, आणि समोर 'जमिनीस मानवलें नाहीं' असा शेराही. पुढें काकांनीं ती चूक केली नाहीं. वडिलांस कोणीं बोलही लाविला नाहीं.

लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनासही हाच न्याय लागू आहे. उदाहरण कापसाचेंच घेऊं. आम्हां गेवराई-माजलगांवकडील लोकांस तें जवळचें. बोंडअळीस आळा घालण्यासाठीं काढलेलें संकरित बी.टी. बियाणें दरवर्षीं विकत घ्यावें लागतें. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनें धारवाडच्या कृषी विद्यापीठासह 'बिकानेरी नरमा बी.टी.' हें सरळ वाण तयार केलें. त्याचें बी शेतकऱ्यास घरींच राखतां आलें असतें. २००८ सालीं त्यास मान्यता मिळाली, २००९ सालीं तें शेतांत गेलें, आणि पहिल्याच हंगामानंतर विक्री थांबली. मोन्सँटो कंपनीच्या जनुकाचा अंश त्यांत होता. पुढें डॉ. सुधीर सोपोरी यांच्या समितीनें २०१२ सालच्या अहवालांत तें स्पष्ट केलें. चाचण्यांचे निष्कर्ष आरंभींच बाहेरच्या जाणकारांपुढें ठेविले असते, तर हा दोष शेतापर्यंत पोंचला नसता, असें मला वाटतें.

सारें उघडें केल्यास शोधाची चोरी होईल, असा आक्षेप कोणी घेतील. त्याचा विचार कायद्यानें केलेला आहे. महाराष्ट्रानें २००२ सालीं व देशानें २००५ सालीं माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. देशाच्या कायद्याच्या चौथ्या कलमान्वयें सरकारी संस्थांनीं आपला खर्च आपण होऊन प्रसिद्ध करावयाचा असतो. आठव्या कलमान्वयें व्यापारी गुपितें व बौद्धिक संपदा राखून ठेवितां येतात, मात्र व्यापक लोकहितापुढें हें संरक्षण टिकत नाहीं. सारांश, शोध झांकतां येईल, हिशेब नव्हे.

दुसरें भय अधिक खरें आहे. 'पैसा कोठें गेला?' एवढेंच विचारीत गेल्यास संशोधक हमखास यशाचेच प्रयोग करतील, आणि नवें कांहींच निपजणार नाहीं. म्हणून हिशेबाच्या वहींत शेऱ्याचा रकाना हवा. आमच्या जिल्ह्यांत अंबाजोगाईस सीताफळ संशोधन केंद्र आहे. तेथें गेल्यास काय साधलें हें वाचकांनीं अवश्य विचारावें. काय साधलें नाहीं, हेंही तितक्याच आदरानें विचारावें.