गाणं आणि देश, भाग ६ : डफ, तुणतुणं आणि महाराष्ट्र

गेल्या भागात आपण ‘इंडियन ओशन’ या रॉक बँडची ओळख करून घेतली. बँडचे गायक आणि बासवादक राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते. तिथलं ‘मा रेवा’ हे गाणं बँडच्या २००० सालच्या ‘कंदिसा’ या अल्बममध्ये आलं. चित्रपटांवर न विसंबता आपल्या मातीचं गाणारे असे कलावंत लोकांना इतके जवळचे का वाटतात? या प्रश्नाचं फार जुनं आणि भक्कम उत्तर सातारा-सांगलीकडे आहे.

१९४९पर्यंत आजच्या सांगलीचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. १९४२च्या ‘छोडो भारत’ चळवळीनंतर इथे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. त्याची तुफान सेना होती, न्यायदान मंडळं होती, आणि शाहीर होते शंकरराव निकम. स्वराज्य म्हणजे काय, हे गावोगावच्या निरक्षर माणसांपर्यंत पोचवायला पोवाड्याइतकं नेमकं साधन नव्हतं. शाहीर डफावर थाप देऊन प्रसंग उभा करतो, तुणतुणं सूर धरून ठेवतं आणि झीलकरी मागून ओळ उचलतात. दोन-तीन चौक होईपर्यंत समोर बसलेले लोकही झील धरू लागतात. ऐकणारा गाणाऱ्यात सामील होतो आणि सांगितलेली गोष्ट त्याची स्वतःची होते. या कलेची सगळी ताकद इथे आहे.

याच भागातल्या वाळवा तालुक्यात, वाटेगावला, १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णा भाऊ साठे जन्मले. मातंग समाजातलं, हलाखीतलं घर. शाळा जवळजवळ नाहीच. पोटासाठी कुटुंब पायी मुंबईला गेलं; अण्णा भाऊंनी तिथे गिरणीत काम केलं. तमाशाची जाण मात्र ते गावाकडून घेऊन आले होते. बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या साथीनं १९४४मध्ये त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभारलं. ना सिनेमा कंपनी, ना धनिक आश्रयदाता. चाळीचं पटांगण आणि गिरणीचं फाटक हेच त्यांचे मंच, आणि कामगार हेच रसिक.

एक मातंग आणि एक मुसलमान खांद्याला खांदा लावून मराठी मुलखाचं गाणं म्हणत होते, ही गोष्ट मला कुठल्याही भाषणापेक्षा मोठी वाटते. मराठी कोण, भारतीय कोण, हे त्या पथकाकडे पाहिलं की कळत होतं. अण्णा भाऊंनी तमाशाचा गणही बदलला. गणपतीच्या जागी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आलं. त्यांची आपलेपणाची हद्द तर त्याहून रुंद होती. शिवरायांच्या पराक्रमासाठी घडलेला पोवाडा त्यांनी व्होल्गाकाठच्या स्टालिनग्राडसाठी लावला. फॅसिझमशी लढणारा रशियन कामगारही त्यांना आपलाच वाटत होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घुमली. वरवर पाहता ती मुंबईला आलेल्या गड्याची, गावी राहिलेल्या बायकोसाठीची तगमग आहे. मुंबईच्या गिरणगावात असे हजारो संसार दुभंगलेले होते. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकणातले. प्रत्येकाला ती आपलीच कथा वाटली. मग त्याच विरहातून दुभंगलेल्या महाराष्ट्राचं दुःख पुढे येतं. १ मे १९६० रोजी राज्य झालं, मुंबई मिळाली. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिली. सीमाभागात ही छक्कड अजूनही काळजाला भिडते ती म्हणूनच.

मला वाटतं, सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. नुसत्या जयघोषानं देश आपला वाटत नाही. आपलं घर, आपली उपासमार, आपली ताटातूट ज्या गाण्यात ओळखू येते, त्यातला देश माणूस आपला मानतो आणि त्यासाठी रस्त्यावर उतरतो. आजच्या मराठी तरुणानं गिटार जरूर घ्यावी, ड्रम्स घ्यावेत. वाद्य परकं असल्यानं काही बिघडत नाही. मात्र गाण्यात आपल्या गावातल्या माणसाचं जगणं असू द्यावं. अण्णा भाऊंचा खरा वारसा तोच.

(पुढील भागात : मिरजेचे सतार आणि तंबोरा घडवणारे कारागीर)