‘जातो’ नव्हे, ‘येतो’ म्हणावे!

घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ही आपली जुनी शिकवण. फ्रेंच भाषा शिकू लागलो आणि तीच शिकवण मला तिथेही भेटली! ‘ओ रव्हुआर’ म्हणजे पुन्हा दृष्टभेट होईपर्यंत. ‘आ दमँ’ म्हणजे उद्यापर्यंत. ‘आ बियँतो’ म्हणजे लवकरच भेटू. ‘आद्यू’ मात्र जपून वापरावा हं! त्याचा मूळ अर्थ ‘देवाच्या हवाली’. दक्षिण फ्रान्समध्ये तो भेटतानाही म्हणतात. एरवी मात्र तो कायमचा निरोप.

१९८१ साली निवडणूक हरलेले राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ दूरचित्रवाणीवर निरोपाचे भाषण संपवून ‘ओ रव्हुआर’ म्हणाले, उठले आणि चालते झाले. पडद्यावर उरली रिकामी खुर्ची! सात वर्षांची सत्ता गेली, पण गृहस्थाने शब्द निवडला तो परतीचाच.