नाताळची भेट : लहानग्यांच्या खरोखर उपयोगी पडावी म्हणून

आगमनकाळ सुरू झाला की घरोघरी गोठ्याची तयारी होते आणि आजी-आजोबा, धर्ममातापिता, काका-मावशा घरातील लहानग्यासाठी काय घ्यावे या विचारात पडतात. प्रेमापोटी बहुधा दुकानातील सर्वांत मोठे, दिवे लागणारे व आवाज करणारे खेळणे घेतले जाते. नाताळच्या दिवशी बाळ मात्र ते बाजूला सारून रिकाम्या खोक्यात जाऊन बसते. आपण कौतुकाने हसतो. परंतु त्या खोक्यात आपल्यासाठी एक धडा आहे.

खोके स्वतः काहीच करीत नाही. जे करायचे ते बाळालाच करावे लागते. कळ दाबताच सर्व काही करणारे खेळणे बाळाला केवळ प्रेक्षक बनविते आणि थोड्याच दिवसांत कपाटावर जाते. म्हणून भेट निवडताना ‘हे काय करते?’ याऐवजी ‘याचे बाळ काय करील?’ असा प्रश्न आपण विचारावा.

एक वर्षाच्या बाळाला ढकलणे, भरणे व ओतणे आवडते. त्याला चेंडू, एकात एक बसणाऱ्या वाट्या किंवा आपला जुना लाकडी पांगुळगाडा द्यावा. मूल आत बसवून फिरणारा चाकांचा वॉकर मात्र टाळावा. अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली त्यावर बंदी घातली. दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांसारखे वागायचे असते. मोठे ठोकळे, जाड पुठ्ठ्याची चित्रपुस्तके, कापडी बाहुली, छोटा केरसुणी-सुपाचा संच किंवा हात धुण्यासाठी उभे राहायला भक्कम स्टूल, या वस्तू वर्षभर वापरात राहतात.

सुरक्षिततेबाबत तडजोड नसावी. तीन वर्षांखालील मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावेल असा लहान भाग घशात अडकू शकतो. बटणाच्या आकाराची बॅटरी गिळली गेल्यास दोन तासांच्या आत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद असल्याची खात्री करावी. सुटे लोहचुंबक व फुगेही टाळावेत.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या वस्तूंना यातून सूट दिलेली आहे. त्यामुळे सावंतवाडीची लाकडी खेळणी आवडीने घेताना कडा गुळगुळीत आहेत का, रंग सुटतो का, हे आपणच पाहावे.

मोबाइल किंवा टॅब ही या वयाची भेट नव्हे. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि त्यानंतरही ही वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे.

संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेचो गावी ख्रिस्तजन्माचा प्रसंग उभा केला, तेव्हा तेथे खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव होते. बेथलेहेमची गरिबी लोकांना डोळ्यांनी पाहता यावी, ही त्यांची इच्छा होती. आपल्या घरच्या गोठ्याजवळ मात्र लहानग्याला वारंवार ‘हात लावू नकोस’ असेच ऐकावे लागते. यंदा त्याला कापडाचा किंवा लाकडाचा, सुटे बारीक भाग नसलेला छोटा गोठा द्यावा. बाळ येशूला तो उचलील, निजवील, कदाचित भातही भरवील. श्रद्धेचा पहिला पाठ त्याला असा हातांतून मिळेल.

नातलगांनी आधी आपसांत बोलून भेटी ठरवाव्यात. एक-दोन वस्तू नाताळला द्याव्यात व उरलेल्या वाढदिवसासाठी राखून ठेवाव्यात. भेट दिल्यावर थोडा वेळ बाळाजवळ जमिनीवर बसावे. तेवढे झाले, तर साधी वाटीही त्याला पुरेल.