वेलणकरची निष्ठा आणि आयुक्तांची बदली

मराठी भाषेच्या मुद्द्यावर निघालेल्या मीरा रोडच्या 8 जुलै 2025च्या मोर्चाला पोलिसांनी परवानगी नाकारली, नेते-कार्यकर्त्यांची धरपकड झाली आणि लगेच दुसऱ्या दिवशी तिथले पोलीस आयुक्त मधुकर पांडे यांच्या जागी निकेत कौशिक यांची नियुक्ती झाली. पांडे यांना या पदावर दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता, त्यामुळे बदली नियमाला सोडून नव्हती. तथापि ती ज्या वेळी झाली त्या वेळेमुळे वर्दीतल्या माणसाने कायद्याशी प्रामाणिक राहावे की ज्याच्या हाती बदली आहे त्याच्याशी, हा गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’ (1983) या चित्रपटाचा प्रश्न पुन्हा समोर आला.

श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर आधारलेल्या आणि विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेल्या या चित्रपटाचे मोठेपण असे की, त्यातील उपनिरीक्षक अनंत वेलणकर (ओम पुरी) याच्या मनाची फाळणी पोलीस ठाण्यात नव्हे, तर घरात सुरू होते. त्याचे वडील निवृत्त पोलीस, बायकोवर हात उचलणारे; मुलाला पुढे शिकायचे असताना त्यांनीच त्याला खात्यात ढकलले. हुकूम देणाऱ्यापुढे मान तुकवायची आणि दुबळ्यावर हात टाकायचा, हा धडा त्याने लहानपणीच पाहिलेला असतो. म्हणूनच गुंड रामा शेट्टीला (सदाशिव अमरापूरकर) अटक करू न शकल्याचा संताप कोठडीतल्या एका किरकोळ चोरावर निघतो, तो चोर मरतो आणि निलंबनातून सुटण्यासाठी वेलणकरला त्याच शेट्टीच्या दारात जावे लागते. पोलिसांच्या लाचारीचे इतके नेमके निदान हिंदी पडद्यावर दुसरे क्वचितच आढळेल.

अमेरिकी ‘वेस्टर्न’ म्हणजे सरहद्दीवरील गावांच्या चित्रपटांत कायद्याचा रखवालदार एकाकी पडला तरी त्याला निघून जाण्याची वाट असते. ‘हाय नून’ (1952) मधील मार्शल शेवटी बिल्ला धुळीत फेकून गाव सोडतो. वेलणकरला सोडण्याजोगे गावच नाही, कारण ज्या यंत्रणेने त्याला मोडले तिच्याबाहेर त्याला ओळखच उरलेली नाही. शेट्टीचा खून करून तो पोलिसांपुढेच हजर होतो.

या कोंडीवरचा कायदेशीर उपाय प्रकाश सिंग खटल्यातील 22 सप्टेंबर 2006च्या निकालाने सांगितला. महत्त्वाच्या पदांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची फारकत, तसेच पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिले. महाराष्ट्राने 2014 साली पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून कार्यकाळ ठरवला खरा, परंतु जनहित आणि प्रशासकीय निकड या कारणांसाठी मुदतपूर्व बदलीची मुभाही ठेवली. ही मुभा फार रुंद आहे; बदलीची कारणे लेखी नोंदवून जाहीर करण्याचे बंधन तिला जोडल्याशिवाय कार्यकाळाची हमी कागदावरच राहील, आणि असे बंधन आयुक्तांपासून उपनिरीक्षकापर्यंत प्रत्येकाच्या बदलीला लागू व्हायला हवे.