दुकानावर सोलर बसवताय? आधी हे गणित समजून घ्या



माझ्या दुकानाच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर आहे. बसवलं तेव्हा वाटलं, आता लाइट गेली तरी टेन्शन नाही. मग मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली. डोक्यावर रणरणतं ऊन, गच्चीवर पॅनल, आणि खाली डीप फ्रीजर बंद! चार तासांत आइस्क्रीमचं पाणी झालं.

सिस्टिममध्ये बिघाड नव्हता. चूक माझी होती. घेताना मी एकच प्रश्न विचारला होता, "कितीला पडेल?"

ऑन-ग्रिड सोलरमध्ये लाइट गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. कारण साधं आहे. तुमची वीज तारेत जात राहिली, तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. लाइट गेल्यावरही फ्रीजर चालवायचा असेल तर बॅटरीवालं हायब्रिड लागतं. ते महाग पडतं. म्हणून तो खर्च आणि वर्षभरात नासणारा माल, दोन्ही शेजारी लिहून बघा.

आता कमाईची बाजू. १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरा. म्हणजे ३ किलोवॅटचे महिन्याला साधारण ३६० युनिट. पावसाळ्यात कमीच. दुपारची जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते आणि नेट मीटर दोन्हीकडचा हिशेब ठेवतो, अगदी आपल्या उधारीच्या वहीसारखा. पण स्थिर आकार भरावाच लागतो. त्यामुळे "बिल झीरो" म्हणणाऱ्यापासून सावध!

ग्रिडचीही अडचण समजून घ्या. एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या गच्च्यांनी दुपारी वीज ढकलली तर व्होल्टेज वाढतं, आणि संध्याकाळी मागणी वाढते तेव्हा सूर्य मावळलेला असतो. म्हणून मोठ्या सिस्टिमची तांत्रिक तपासणी होते. २०२४ च्या केंद्राच्या नियमबदलानंतर १० किलोवॅटपर्यंत ती लागत नाही. आपल्यासारख्या छोट्या दुकानदारांना हा मोठा दिलासा आहे.

आणखी एक. पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान घरगुती जोडणीला आहे, दुकानाच्या व्यावसायिक मीटरला नाही. कोटेशनमध्ये ते वजा करून दाखवलं असेल तर तिथेच थांबा.

आज एवढंच करा: मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा, प्रत्येक महिन्याचे युनिट कागदावर लिहा, आणि त्यातले दिवसाचे किती, रात्रीचे किती याचा अंदाज घ्या. तो कागद हातात असेल, तरच सोलरवाल्याला फोन लावा.