बालीची रील आणि पारोळा रोडचा हॉल : को-वर्किंग सुरू करण्याआधी हे गणित करा



मागच्या मे महिन्यात धुळ्याचं वर्कशॉप संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. देवपूरचा, वय सत्तावीस, पुण्यात तीन वर्षं नोकरी करून परत आलेला. त्याने मोबाईलवर एक रील दाखवली. बांबूचं छप्पर, समोर हिरवीगार भातशेती, टेबलावर शहाळं आणि लॅपटॉप. बालीतली होती. म्हणाला, "सर, हे आपल्याकडे करायचंय. पारोळा रोडला हॉल बघून ठेवलाय. सहा लाख लागतील. आई पाटल्या मोडायला तयार आहे."

पाटल्यांचं ऐकल्यावर मी बॅग परत खाली ठेवली आणि दोघांसाठी चहा सांगितला. त्या दिवशी आमचं जे बोलणं झालं तेच आज लिहितोय, कारण त्यानंतर हाच प्रश्न मला जळगाव, चोपडा, अमळनेर, शिरपूर अशा सगळीकडून आलाय.

आधी त्या रीलबद्दल. बालीत उबुडला 'हुबुड' नावाची बांबूची को-वर्किंग जागा २०१३ साली सुरू झाली. जगभरचे डिजिटल नोमॅड, म्हणजे लॅपटॉप हेच ज्यांचं ऑफिस अशी भटकी मंडळी, तिथे यायची. जागा प्रसिद्ध होती, फोटो सुंदर यायचे, आणि २०२० मध्ये कोरोनात ती बंद पडली. गिऱ्हाईक विमानाने येणारं होतं आणि विमानंच थांबली. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. हणजूण, आसगाव, पणजी या भागात अशा जागा चालतात, आणि २०२२ मध्ये तिथल्या सरकारने मोरजी आणि आश्वे किनाऱ्यावर को-वर्किंग उभारायची घोषणाही केली. पण गोव्यात माणूस आधी समुद्रासाठी येतो, मग बसायला टेबल शोधतो.

आपल्याकडे कोण येतं? परदेशी माणूस जळगाव स्टेशनवर उतरतो तो अजिंठ्यासाठी. लेणी साठेक किलोमीटरवर आहेत. तो एक रात्र राहतो, फार तर दोन, आणि पुढे जातो. थंडीत पुण्या-मुंबईचे लोक भरीत पार्टीला येतात, पण ते लॅपटॉप गाडीतसुद्धा ठेवत नाहीत. २०२४ मध्ये जळगाव-गोवा विमान सुरू झालं तेव्हा दोन-तीन जणांनी मला विचारलं, "आता नोमॅड येतील का?" भाऊ, त्या विमानात बसून आपलेच लोक गोव्याला जातात.

मग गिऱ्हाईकच नाही का? आहे. फक्त ते रीलमध्ये दिसत नाही.

तो मुलगा स्वतःच ते गिऱ्हाईक होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्या-मुंबईची, बेंगळुरूची आपली पोरं लॅपटॉप घेऊन गावी आली. बरीच परत गेली, काही राहिली, आणि काही अधूनमधून येतात. आखाजीला माहेरी येणारी मुलगी पूर्वी सुट्टी संपली की जायची. आता तिची कंपनी पंधरा दिवस घरून काम करू देते, म्हणून ती मे महिनाभर राहू शकते. राहायची इच्छाही असते. अडतं कुठे? पारा ४४-४५ वर. घरात कूलर. कूलर लावला की मीटिंगमध्ये पलीकडचा माणूस विचारतो, "मागे पाऊस पडतोय का?" बंद केला तर बसवत नाही. त्यात गच्चीवर पापड-कुरडयांची वाळवणं, शेजारी हळद, डीजे, आणि दर तासाला कुणीतरी दारात येऊन "कधी आलीस गं?" संध्याकाळी वादळी वारा सुटतो आणि लाइट जाते. ही मुलगी शांत, थंड, लाइट न जाणाऱ्या खोलीसाठी पैसे देईल. बांबूच्या छपरासाठी देणार नाही.

म्हणजे आपला सीझन गोव्याच्या उलटा आहे. त्यांचा थंडीत, आपला आखाजीला आणि दिवाळीला. सीझनचं गिऱ्हाईक हे वरची साय असते. दूध वर्षभराचं लागतं.

चहाच्या बिलामागे केलेलं गणित

मुलाचा हिशोब असा होता : २४ खुर्च्या, रोजचे २०० रुपये, महिन्याचे २६ दिवस. झाले १,२४,८०० रुपये. "सर, सव्वा लाख!" मी म्हटलं, हा हिशोब खुर्च्यांचा झाला, माणसांचा कर.

खर्च आम्ही अंदाजाने धरला. तुम्ही वाचताना तुमच्या गावचे आकडे घाला. भाडं १८,०००. वीज वर्षाची सरासरी १०,०००, उन्हाळ्यात जास्त. इंटरनेटच्या दोन लाइन २,५००. जागेवर बसणारा माणूस १०,०००. सफाई, पाणी, चहा, किरकोळ ७,०००. दुरुस्ती २,५००. झाले ५०,०००. डिपॉझिट सोडून फर्निचर, एसी, इन्व्हर्टर, वायरिंगचे सहा लाख. ते पाच वर्षांवर वाटले तर महिन्याला आणखी १०,०००. एकूण ६०,०००. आता २०० रुपयांनी भागा. महिन्याला ३०० खुर्च्या भरल्या पाहिजेत, म्हणजे रोज जवळपास बारा अनोळखी माणसं दोनशे रुपये देऊन बसली पाहिजेत. पावसाळ्यातल्या मंगळवारीसुद्धा. तेव्हा कुठे शून्याला येतो. त्यात तुमचा पगार नाही आणि आईच्या पाटल्यांचं व्याज नाही.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग वीवर्क कसं चाललं?"

चांगला प्रश्न. वीवर्क ही कंपनी २०१० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. २०१९ च्या सुरुवातीला तिची किंमत ४७ अब्ज डॉलर सांगितली जात होती, त्याच वर्षी शेअर बाजारात यायचा बेत तिने गुंडाळला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कारणं बरीच होती, पण मुळातलं एक कारण पारोळा रोडला जसंच्या तसं लागू आहे. घरमालकाशी करार दहा-पंधरा वर्षांचा आणि गिऱ्हाईकाशी महिन्याचा. गिऱ्हाईक उठून गेलं तरी भाडं चालूच. याआधी रीजस कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेने २००३ मध्ये याच दुखण्यापायी दिवाळखोरी जाहीर केली होती. ती कंपनी आज आयडब्ल्यूजी नावाने चालते, आणि आता बऱ्याच ठिकाणी ती जागा भाड्याने घेतच नाही. जागामालकाला सोबत घेते, उत्पन्नात वाटा देते.

हा वाट्याचा मुद्दा लक्षात ठेवा.

टेबलं कोणाला द्यायची

वर्षभराचं गिऱ्हाईक जळगाव-धुळ्यात आधीपासून बसलेलं आहे : अभ्यासिकेत. एमपीएससी, पोलीस भरती, बँक, नीटची मुलं. ती महिन्याचे पैसे देतात, रोज येतात आणि एकमेकांना घेऊन येतात. त्यांना अरुंद टेबल, चार्जिंग पॉइंट आणि शांतता पुरते.

म्हणून आम्ही त्याच हॉलचं गणित वेगळं मांडलं. आतल्या बाजूला २४ अभ्यासाच्या जागा, दोन पाळ्यांत मिळून ३६ विद्यार्थी, प्रत्येकी ९०० : ३२,४००. दाराच्या बाजूला कामाची आठ टेबलं, त्यातली पाच महिन्याने गेली, प्रत्येकी ३,००० : १५,०००. एक बंद केबिन तीन माणसांच्या छोट्या फर्मला : ९,०००. मीटिंगची खोली विमा एजंटांच्या ट्रेनिंगला, मुलाखतींना, ताशी ३०० ने महिन्याला ३० तास : ९,०००. झाले ६५,४००. खर्च जाऊन उरले ५,४००.

म्हणजे हॉल नीट भरला तरी हातात साडेपाच हजार. मी ते गोड करून सांगितलं नाही, तुम्हालाही सांगत नाही. भाड्याच्या जागेत, कर्जावर, पहिल्या दिवसापासून फक्त को-वर्किंग हा आपल्या गावांत पोट भरणारा धंदा नाही. घराच्या वरचा मजला स्वतःचा असेल तर ते १८,००० तुमचे होतात आणि चित्र बदलतं. पण घरगुती मीटरवर धंदा चालवू नका. महावितरणकडून वाणिज्यिक जोडणी घ्या. तपासणीत सापडलात तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली जे बिल येतं, ते वर्षाची कमाई खातं.

जीएसटीचं विचारणारे खूप असतात. सेवा व्यवसायाला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. मात्र तुमच्याच पॅनवर दुसरं दुकान असेल तर दोन्हीची उलाढाल एकत्र धरतात, आणि तुमचं गिऱ्हाईक कंपनी असेल तर ती बिल मागतेच. जागा लिव्ह अँड लायसन्सवर घेतली तर करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. "आपल्या ओळखीचाच आहे" म्हणून कोऱ्या कागदावर भागवू नका. ओळख भाडं वाढवायच्या दिवशी संपते.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यावर अशी जागा मोडते : आवाज. विद्यार्थ्याला पेनाचा आवाज सहन होत नाही आणि आयटीवाला दिवसाला चार तास कॉलवर बोलतो. दोघं एका खोलीत आले तर आठवड्यात भांडण आणि महिन्यात दोघंही गेले. मधे छतापर्यंत भिंत हवी, नुसतं पार्टिशन नको. कॉलसाठी एक छोटी खोली हवी, आत जाड मऊ अस्तर असलेली. दुसरी गोष्ट, इन्व्हर्टर असूनही राउटर बंद पडतो. लाइट जाऊन इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या क्षणात तो रिस्टार्ट होतो, आणि मुलीचा क्लायंट अमेरिकेत तोंडावर गप्प होतो. राउटरला स्वतंत्र मिनी यूपीएस लावा, हजार-दीड हजाराचं काम आहे. इंटरनेटच्या दोन लाइन दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या. एकाच खांबावरून येणाऱ्या नकोत, नाहीतर जेसीबी दोन्ही एकदम तोडतो.

मग त्या मुलाने काय केलं

मी त्याला ब्रॅड न्यूबर्गची गोष्ट सांगितली. को-वर्किंग ही कल्पना ज्याच्या नावावर आहे तो हा सॅन फ्रान्सिस्कोचा प्रोग्रॅमर. ऑगस्ट २००५ मध्ये त्याने सुरुवात केली ती दुसऱ्यांच्या जागेत, आठवड्यातून फक्त दोन दिवस. टेबलं मांडायची आणि संध्याकाळी आवरून ठेवायची. पहिला महिनाभर कुणी आलंच नाही. त्याचं नुकसान किती? महिन्याचं थोडंसं भाडं. त्या महिन्यात त्याने सहा लाखांचं फर्निचर केलेलं नव्हतं.

धुळ्यात, जळगावात दुसऱ्याची रिकामी जागा कुठली? कोचिंग क्लास. सकाळी सात ते दहा गर्दी, संध्याकाळी पाच ते नऊ गर्दी, आणि मधे अकरा ते साडेचार सगळं बंद. बाक आहेत, पंखे आहेत, वाणिज्यिक मीटर आहे, टॉयलेट आहे. मुलगा साक्री रोडच्या एका क्लासच्या सरांना भेटला. भाडं ठरवलं नाही. जमा होईल त्याचा तिसरा हिस्सा सरांचा, एवढंच ठरलं, आणि तेही स्टॅम्प पेपरवर.

पहिल्या महिन्यात दोन जण आले. त्यातला एक त्याचा मित्र होता आणि त्याने पैसे बुडवले. (मित्राला पहिल्याच दिवशी क्यूआर कोड दाखवत जा.) दिवाळीला सुट्टीवर आलेले पाच-सहा जण आठवडाभर बसले. कुणी टॅली करणारं, कुणी पुण्याच्या कंपनीचं टेस्टिंग करणारं, एक मुलगी इंग्रजीतून मराठी भाषांतर करणारी. मार्चपर्यंत महिन्याला १,५०० देणारे नऊ पक्के झाले. १३,५०० जमा, ४,५०० सरांचे, ९,००० त्याचे, त्यातून दुसऱ्या इंटरनेट लाइनचे आणि चहाचे वजा. दहाव्या टेबलावर तो स्वतः बसून वेबसाइटची कामं करतो, आणि त्यातली दोन कामं त्याला शेजारच्याच टेबलांनी मिळवून दिली. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहितीही त्याने घेतली. त्यात १५ ते ३५ टक्के अनुदान असतं, पण बाकीचं कर्ज बँकेचंच असतं. अर्ज अजून भरलेला नाही.

आखाजीच्या महिनाभर आधी त्याचा फोन आला. "सर, ऊन वाढलं. एसी लावू का? फिटिंगसकट बेचाळीस हजार म्हणतोय."

मी म्हटलं, मला कशाला विचारतोस, त्या नऊ जणांना विचार. दोन महिन्यांचे पैसे आधी द्या, एसी लावतो म्हणून सांग.

सात जणांनी दिले. २१,००० जमले. उरलेले अर्धे क्लासच्या सरांनी घातले, संध्याकाळी त्यांच्या मुलांनाही गारवा मिळणार म्हणून. आठवडाभरात एसी बसला. पाटल्या आईच्या हातात आहेत.

पारोळा रोडचा हॉल अजून रिकामा आहे. मालकाने भाडं दोन हजारांनी कमी केलंय, आणि मुलगा दर महिन्याला जाऊन नुसतं विचारून येतो.